रंग बघून नको, चेसी वाजवून घे

वाचकाचं पत्र, थोडक्यात: खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातला एकवीस वर्षांचा मुलगा लिहितो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय. बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये शिफ्टची नोकरी आहे, रोज मोटरसायकलवरून तीस किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. दोन वर्षांत अडीच लाख रुपये साठवलेत. चारचाकीचं लायसन्स गेल्या वर्षी मिळालं. आता एक जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी, घेऊन स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची आहे. दोन गाड्या बघितल्यात. एक गोव्याच्या नंबरची जिप्सी: उंच केलेली, रुंद टायर, ताजा रंग, सव्वादोन लाख, ‘कागदाचं होऊन जाईल’ असं विकणारा म्हणतो. दुसरी चंदगड तालुक्यातल्या एका काजूवाल्याची महिंद्राची एमएम ५४० जीप, १९९४ सालची, एमएच-०९, शेडमध्ये उभी असते, चालू आहे, दीड लाख सांगितलेत. मित्रांचं मत जिप्सीकडे. बाबा म्हणतात, ‘पैसे घालून दारात भंगार आणूलालास.’ बाबा आधी पंधरा वर्षं वडापची, म्हणजे प्रवासी भरून नेणारी, जीप चालवायचे, आता शेती बघतात. या मुलाचे दोन प्रश्न आहेत: दोन्हीतली कुठली घेऊ, आणि बाबांना कसं पटवू?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ती जिप्सी घेऊ नकोस. जीपबद्दल तिच्याखाली झोपून बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस, पण बघायला मात्र नक्की जा.

जिप्सी वाईट गाडी आहे म्हणून मी नको म्हणत नाही. हलकी, काटक, चिखलातून उड्या मारत निघणारी गाडी आहे ती. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली, १३०० सीसीची जिप्सी किंग १९९६ मध्ये आली, आणि मिलिटरीत तिने किती वर्षं काढली हे बेळगावच्या कॅम्पात वाढलेल्या कुणालाही विचार. माझा आक्षेप तू वर्णन केलेल्या त्या एका गाडीवर आहे. पण त्याआधी, तू काही गोष्टी न बोलता गृहीत धरल्यास, त्या बघू.

तू लिहितोस, ‘गाडी आली की पावसाळ्यात बाईकवरून भिजत जायचं थांबेल.’ म्हणजे हीच गाडी तुझा प्रोजेक्टही असणार आणि हीच तुला सोमवारी सकाळी सातच्या शिफ्टला पोचवणार. ही दोन्ही कामं एका गाडीला सांगू नकोस. तीस वर्षांची गाडी उघडली की एका नटामागे तीन कामं निघतात. रविवारी ब्रेकचा व्हील सिलिंडर काढायला जातोस, पाइपचा नट गंजून गोल झालेला असतो, पाइप तुटतो, आणि संध्याकाळी तसला पाइप मिळत नाही. उद्या सकाळी गाडी लागणार नसेल तर तू शांतपणे सोमवारी पाइप आणशील. लागणार असेल तर कुणीतरी सांगितलेला जुगाड करशील, ब्रेकमधली हवा नीट न काढता पेडल मारून बघशील आणि ‘चालतंय की’ म्हणून निघशील. चांगल्या हाताची मुलं अशाच घाईत चुकतात. म्हणून मोटरसायकल विकू नकोस. पावसाळ्यात भिजणं हाच खरा त्रास असेल, तर चांगला रेनकोट आणि एसटीचा पास हा त्यावरचा उपाय आहे, आणि जीप हा तुझा वेगळा आनंद आहे. तो आनंद मला अजिबात कमी वाटत नाही. फक्त त्याला गरजेचं नाव देऊ नकोस.

दुसरं, ‘घाटात फोर बाय फोर सेफ असते’ असं तू लिहिलंयस. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याकडे जुलैत गेला असशील तर आठवून बघ. धुकं इतकं की समोरच्या गाडीचा दिवा अंगावर आल्यावर दिसतो, रस्त्यावर पाणी, वळणावर आलेली तांबडी माती. अशा ठिकाणी चारही चाकांना ताकद दिली की गाडी पुढे चांगली जाते. थांबायला मात्र ती काडीची मदत करत नाही, थांबणं ब्रेकवर आणि टायरवर असतं. त्यातून या जुन्या गाड्यांना एबीएस नाही, एअरबॅग नाही, पुष्कळ जीपांना धड सीट बेल्टही नाहीत. दोन चाकांतलं अंतर कमी आणि उंची जास्त, त्यामुळे वळणावर एकदम स्टिअरिंग मारलं तर उलटायला वेळ लागत नाही. आणि या दोन्ही गाड्यांची फोर बाय फोर चिखलापुरती आहे. मध्ये डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, नसल्यामुळे कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून वळलास तर पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झगडतात, स्टिअरिंग जड होतं आणि ताण क्रॉसवर, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावर, आणि गिअरवर येतो. डांबरावर दोन चाकांवरच चालवायचं. वर्षभराचं लायसन्स असलेल्या मुलाला हे कुणीतरी नीट सांगायला हवं, म्हणून एवढं लिहिलं.

आता ती जिप्सी. उंच केलेली, रुंद टायर, ताजा रंग. तुला या तिन्ही गोष्टी जमेच्या वाटतात, मला तिन्हींची भीती वाटते. उंच केली की गाडीचा तोल वर जातो, प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि क्रॉस लवकर जातात, ब्रेकचे रबरी होज ताणले जातात. रुंद टायर स्टिअरिंगच्या जोडांना हाणतात. हे सगळं नीट जमवून केलेली गाडी असूही शकते, पण कुणी केलं, कशासाठी केलं हे तुला माहीत नाही. म्हणजे दुरुस्त करायला तुला आधी दुसऱ्याच्या चुका शोधाव्या लागतील. पहिल्या प्रोजेक्टला गाडी कंपनीने बांधली तशीच हवी. प्रत्येक नट कुठे असायला हवा हे कुणाही जुन्या मिस्त्रीला विचारता येतं.

राहिला ताजा रंग. ही गोष्ट मी घरातली सांगते. आमच्या अण्णाने तरुणपणी असलीच एक रंगवलेली जीप आणली होती. वरून हिरवीगार, खालून चेसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, काळाकुळकुळीत डांबरी थर. आम्ही सगळे खूश. तिसऱ्या महिन्यात भाताची पोती घेऊन येताना मागच्या डाव्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगचं, ब्रॅकेट चेसीतून फाटून निघालं आणि जीप एका अंगावर बसली. वेग नव्हता म्हणून कुणाला लागलं नाही. वेल्डर आला, त्याने स्क्रूड्रायव्हरने तो काळा थर खरवडायला सुरुवात केली, आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. आतून ओली तांबडी माती निघाली, मग लांबीचा, म्हणजे भोकं बुजवायच्या पुटीचा, लगदा, आणि त्यात कोंबलेलं पोत्याचं फडकं. चेसीच्या भोकात फडकं कोंबून, वर लांबी मारून, वर रंग दिला होता. ती जीप नंतर चार वर्षं फणसाखाली उभी राहिली. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. शेवटी वजनावर गेली.

म्हणून सांगते, आपल्या भागात गाडी घेताना इंजिनापेक्षा चेसी आधी. इंजिन उतरवता येतं, बोअर करता येतं. चेसी गेली की सगळंच गेलं. खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस आणि ही चिकट माती चेसीच्या पोकळीत शिरून बसते आणि उन्हाळाभर आतल्या आत ओल धरते. गोव्यात किनाऱ्यालगत राहिलेली गाडी असेल तर खारी हवा वेगळी. जाताना अर्ध्या किलोची हातोडी घेऊन जा. मालकाला विचारून, चेसीवर पुढून मागेपर्यंत हलक्या हाताने टोले मार. निरोगी पत्रा टण् वाजतो. जिथे आवाज भद् येतो तिथे थांब, खरवड. पाट्यांचे शॅकल, म्हणजे टोकाच्या कड्या, जिथे बसतात ती जागा, बॉडीचे बोल्ट जिथे बसतात ती जागा, स्टिअरिंग बॉक्सच्या भोवतालची जागा, यांवर वेळ घाल. वेल्डिंगच्या ताज्या रेघा शोध. मॅट उचलून फ्लोअर बघ. जिप्सीत काचेच्या चौकटीचा खालचा भाग आणि चाकांवरचा पत्रा गंज आधी खातो. आणि खालून सरसकट ताजा काळा थर मारलेला असेल, तर तो झाकायला मारलाय असं धरूनच चाल.

एमएम ५४० बद्दल मला आशा वाटते ती तिच्या साधेपणामुळे. प्यूजोच्या रचनेचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पंप, नोझल, हीटर प्लग, इतकंच. तिचं सामान बेळगावात, कोल्हापुरात मिळतं, आणि आपल्याकडे पन्नाशीपुढचा कुठलाही मिस्त्री तिला डोळे मिटून उघडतो. पण या जीपमध्ये एक गोष्ट लोक विसरतात: प्रत्येक जीप फोर बाय फोर नसते. महिंद्राच्या कितीतरी जीपांना ताकद फक्त मागच्या चाकांना असते. पुढच्या ॲक्सलला मधला फुगीर गोळा, म्हणजे डिफरन्शियल आहे का, गिअरच्या दांडीशेजारी ट्रान्सफरची, म्हणजे चारही चाकं जोडायची, वेगळी दांडी आहे का, आणि आहे तर ती कामाची आहे का, हे बघ. शेतातल्या मऊ मातीत चारही चाकांवर आणि मग बारीक, म्हणजे जास्त ताकदीच्या हळू गिअरमध्ये टाकून चालवायला सांग. गिअर उडी मारून बाहेर येतोय का बघ. काही गाड्यांत पुढचा शाफ्टच काढून ठेवलेला असतो, दांडी नुसती शोभेला.

मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांग की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गरम करून ठेवलेलं इंजिन सगळे दोष लपवतं. बोनेटवर हात ठेवून थंड आहे ना बघ. हीटर देऊन सुरू झाल्यावर थोडा पांढरा धूर थंडीत येतो, तो ओसरला पाहिजे. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय, काळा धूर असेल तर पंप-नोझलचं काम. चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढ. भकाभका वाफ अंगावर आली तर आतल्या रिंगा गेल्यात. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला मोठे गोल गोळे दिसतील, त्यावर ऑइल ओघळलेलं असेल तर सील गेलेत आणि आत पाणी शिरलेलं असू शकतं. गिअरबॉक्स आणि पुढच्या-मागच्या डिफरन्शियलच्या हाऊसिंगचं ऑइल बोटावर घेऊन बघ. दुधी रंगाचं असेल तर कुठल्यातरी ओढ्याचं पाणी अजून आत आहे. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघ, खेळ किती आहे ते हाताला कळतं. यांतले बरेच दोष दुरुस्त होण्यासारखे आहेत, आणि तुला दुरुस्तीच करायची आहे. ते दोष भाव पाडून घ्यायला वापर. चेसी आणि कागद, या दोन गोष्टींत मात्र भाव करू नकोस. त्या नसतील तर उठून यायचं.

कागदांचं आपल्या सीमाभागात नेहमी हलकं घेतलं जातं, कारण चंदगड काय आणि खानापूर काय, आपल्याला एकच वाटतं. पाहुणे तिकडे, शेत इकडे. आरटीओला मात्र ते दुसरं राज्य आहे. एमएच किंवा जीए नंबरची गाडी कायमची इथे आणायची तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मालकी बदलायला २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, इथे गाडीच्या वयानुसार कर्नाटकचा कर, आणि मग केए नंबर. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. तुझी जीप १९९४ ची. म्हणजे २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशी चार वेळा वाढवलेली हवी. आरसीवर शेवटची तारीख बघ. ती उलटून गेली असेल तर दंड, महाराष्ट्राचा पर्यावरण कर, सगळं आधी मालकाने भरायचं, मगच व्यवहार. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क दहा हजार रुपये झालंय, तेही धरून चाल. आरसीवरचा चेसी नंबर आणि चेसीवर ठोकलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळव, कागद ठेवून पेन्सिलने घासून उमटवून घे. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून कर्ज, चलन, विमा बघ. ‘कागदाचं होऊन जाईल’ म्हणणाऱ्याला एकच उत्तर दे: झालं की बोलवा. ‘मिलिटरीतून निघालेली’ म्हणून कुणी गाडी दाखवली तरी हाच नियम. लिलावाचे आणि नंतरच्या नोंदणीचे कागद नसतील तर ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

मित्र म्हणतात दुसरं इंजिन टाकू. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असले बदल परस्पर करू देत नाही, इंजिन बदलायलाही आरटीओची आधी परवानगी लागते. आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघते. समोरच्या माणसाला काही झालं तर भरपाई तुझ्या खिशातून जाऊ शकते, हे मित्रांना सांग.

पैशाचं म्हणशील तर अडीच लाखांतली पूर्ण रक्कम गाडीत घालायची नाही. जीप दीड लाखाला सांगितलीय, सव्वापर्यंत उतरली तर बघ. कर, नंबर, विमा बाजूला काढ. उरेल त्यातून पहिल्या वर्षात ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि वायरिंग, याच क्रमाने. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, लायनर, होज, सगळं नवं. या कामात तू शिकशीलही आणि मरणारही नाहीस. जुन्या वायरिंगमध्ये कुणीकुणी काय जोडून ठेवलेलं असतं देव जाणे. आग तिथूनच लागते. हेडलाइट नीट कर, कारण इकडे उसाच्या ट्रॉल्या रात्री मागे दिवा नसताना उभ्या असतात. तीन बिंदूंचे सीट बेल्ट बसव. रंग, बंपर, लाइटची पट्टी, हे पुढच्या वर्षी. आणि एका वेळी एकच गोष्ट उघड. ब्रेक बसला, गाडी गावाला फेरी मारून आली, की मग स्टिअरिंग. गाडी कधीही पंधरा दिवसांपेक्षा जास्त उघडी राहता कामा नये. अण्णाची जीप फणसाखाली गेली ती चेसीमुळेच, पण चेसीचं काम काढताना त्याने इंजिनही उतरवलं, गिअरबॉक्सही उतरवला, आणि मग काहीच परत चढलं नाही.

अशीच पत्रं इतरांचीही येतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट. फोर बाय फोर हातात आली म्हणजे जंगल आपलं झालं नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथे वाटेल तिथून गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि आतल्या वाड्यांवरच्या लोकांना आजही आजारी माणूस खांद्यावरून आणावा लागतो. त्यांच्या वाटेत मजेखातर चाकोऱ्या पाडू नका. स्वतःच्या शेतातला बांध, नांगरलेलं वावर, गावच्या नाल्यातला खडक, शिकायला एवढं भरपूर आहे. ओढ्यातून बाहेर आलात की पेडल हलकं दाबून थोडं अंतर चालवा. ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी असलं की पहिले दोन-तीन ब्रेक लागतच नाहीत.

आता बाबा. ‘बाबांना कसं पटवू’ असं तू विचारतोस, जणू ते या विषयातलं काही न कळणारे आहेत. पण तूच एका ओळीत सांगून टाकलंस की त्यांनी पंधरा वर्षं वडाप चालवलाय. आत दहा-बारा माणसं, मागे लोंबकळणारी तीन-चार, पावसात, रात्री, त्याच रस्त्यांवर. ज्या गाडीला तू प्रोजेक्ट म्हणतोस तिच्यावर त्यांनी तुझं शिक्षण केलं. किती वेळा रस्त्यात झोपून क्रॉस बदलला असेल, किती वेळा ब्रेक लागेना म्हणून गाडी बांधाला घासून थांबवली असेल, हे त्यांनी तुला सांगितलंय का? ‘भंगार’ हा शब्द ते अनुभवातून वापरतात. त्यांना कदाचित तुझ्या पैशाची भीती नाहीच, आपला मुलगा त्याच घाटात तसल्याच ब्रेकवर जाईल याची असेल. मला खात्री नाही. तू विचार. पटवायला म्हणून बसू नकोस, ‘तुमची जीप कुठली होती, तिच्यात सगळ्यात जास्त काय त्रास द्यायचं?’ असं जेवणानंतर विचार आणि ऐक. मध्ये बोलू नकोस.

आणि एवढं ऐकूनही ते नको म्हणाले तर? पैसे तुझे आहेत, वय आहे, हक्क तुझा आहे. पण गाडी त्यांच्याच अंगणात उभी राहणार, म्हणून सहा महिने थांबायला हरकत नाही. तेवढ्यात रविवारी एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे फुकट काम कर. पाट्यांचे बुश काढता काढता हात काळे झाले, कंबर धरली आणि तरीही पुढच्या रविवारी जावंसं वाटलं, तर तुला खरंच हे हवंय. आणि बाबाही ते बघतील.

ते हो म्हणाले, किंवा नुसतं ‘बघू या तरी’ म्हणाले, तर चंदगडला त्यांच्याबरोबरच जा. सकाळी लवकर, गाडी थंड असताना. बरोबर हातोडी, टॉर्च, पेन्सिल, जुनं पोतं. पोतं जीपखाली अंथर आणि आधी त्यांना जाऊ दे. वरून तू टॉर्च धर. ते हातोडी मारतील तेव्हा आवाज ऐक, आणि ते खालून काय म्हणतात ते वहीत लिहून घे. व्यवहार ठरलाच तर विसार दे, पावती घे, आणि एनओसी हातात पडेपर्यंत बाकीचे पैसे खिशातच राहू दे.